'गोलपिठा' कपाटात ठेवू की काढू?

ताई, जयभीम.

मी कल्याणला राहतो. वय पंचावन्न, सरकारी नोकरी. वडील गिरणीत होते, आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. घरात पुस्तकं मोजून सात-आठ. त्यात बाबासाहेबांची, आणि एक नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा'. वडिलांना वाचता जेमतेम यायचं, पण त्यातल्या कविता ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. ती प्रत अजून माझ्याकडे आहे. कव्हर गेलंय, पानं दोऱ्याने शिवलीत.

माझी मुलगी मराठी घेऊन टीवायबीए करते आहे. सातवीत असल्यापासून दर १४ एप्रिलला आमच्या वसाहतीच्या कार्यक्रमात ती नामदेव ढसाळांची कविता म्हणते. लोक वाट बघतात. या वर्षी तिने साफ नाही म्हणून सांगितलं. कॉलेजच्या लायब्ररीतून ढसाळांच्या पत्नी मल्लिका अमर शेख यांचं आत्मचरित्र, 'मला उद्ध्वस्त व्हायचंय', आणून तिने वाचलं. म्हणाली, "बाबा, आता माझ्या तोंडून ती कविता निघणार नाही." मी म्हटलं, कलावंताच्या खाजगी आयुष्यात डोकवायचं नसतं, कविता बघायची. तर म्हणते, "मग तुम्ही त्या नटाचं नाटक लागलं की टीव्ही का बंद करता?" ताई, एक नट आहे, तो आरक्षणावर काहीबाही बोलला होता. तेव्हापासून मी त्याचं काही बघत नाही. मला उत्तर सुचलं नाही. मग मी आवाज चढवला.

जेवताना कोणी बोललं नाही. मिसेसने मुलीच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढली. मला मागावी लागली.

ते पुस्तक मी वाचलेलं नाही आणि खरं सांगतो, वाचायची इच्छाही नाही. तीन प्रश्न आहेत. कलावंत आणि त्याची कला वेगळी ठेवता येते का? मुलीला कसं समजावू? आणि वडिलांचं 'गोलपिठा' कपाटात ठेवू की काढू?

— एक बाप, कल्याण

* * *

जयभीम दादा,

भाकरीचं लिहिलंत ते बरं केलंत. तिच्याकडे मी शेवटी येते.

आधी तुमचा तो 'खाजगी' शब्द. 'गोलपिठा' १९७२ मध्ये आलं. विजय तेंडुलकरांची त्याला प्रस्तावना आहे. पांढरपेशांच्या जगाची हद्द जिथे संपते तिथून या कवितेचा मुलूख सुरू होतो, असा तिचा रोख. कामाठीपुऱ्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या, तिथली माणसं, तिथल्या शिव्या, तिथला रोग आणि तिथली भूक, हे सगळं ढसाळांनी न धुता, न विसळता कागदावर आणलं. कवितेत असलं काही आणायचं नसतं, ही तेव्हाची रीत होती. ती मोडली म्हणून तर तुमचे वडील डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या ओळखीचं जग पहिल्यांदा छापलं गेलं होतं.

बारा वर्षांनी, १९८४ मध्ये, याच कवीच्या बायकोने जे बोलायचं नसतं ते गद्यात बोलून टाकलं. मारहाण, दारू, घरात नसलेला पैसा, नवऱ्याचे बाहेरचे संबंध आणि त्यातून तिच्या अंगात आलेलं दुखणं, मुलासाठी झालेली ओढाताण. लिहिणारी बाई तेव्हा तिशीच्याही आत होती. आणि ती 'ढसाळांची बायको' एवढीच नव्हती. शाहीर अमर शेखांची ही मुलगी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजाने मैदानं उठून उभी राहत, ते अमर शेख. ती स्वतः कवी. 'वाळूचा प्रियकर' हा तिचा संग्रह १९७९ मध्ये येऊन गेला होता.

आता सांगा, गल्लीतलं झाकलेलं उघडं केलं म्हणून ज्याला आपण डोक्यावर घेतलं, त्याच्या घरातलं झाकलेलं बायकोने उघडं केलं तर तिला 'घरातलं घरात ठेवावं' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मला तर मल्लिकाताई ढसाळांच्या सगळ्यात सच्च्या वाचक वाटतात. कवितेने त्यांना शिकवलं ते त्यांनी घरावर लावून बघितलं. 'गोलपिठा' पाठ असलेल्या माणसाने 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'ला हातही लावायचा नाही, हे मला पटत नाही. रागावू नका. तुम्हाला सल्ला हवा होता म्हणून स्पष्ट लिहिते आहे.

मुलीने नटाचं नाव काढून तुम्हाला पेचात धरलं. बरोबर धरलं. त्या नटाचं नाटक तुम्ही बघत नाही, तुमचा हक्क आहे, मीही कदाचित बघणार नाही. पण मग 'कला वेगळी, कलावंत वेगळा' हे तत्त्व तुमचं नाहीच. आणखी एक आठवून बघा. आणीबाणीत ढसाळांनी इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' लिहिली, १९७६ मध्ये ती आली. पुढे ते शिवसेनेच्या जवळ गेले. त्याआधीच, १९७४ मध्ये, दलित पँथर ही त्यांची संघटना फुटली होती. तुमच्या चाळीत यावरून किती भांडणं झाली असतील! त्यांना गद्दार म्हणणारेही तुम्ही ऐकले असतील. तेव्हा कुणी म्हणालं का, की अरे, राजकारण बघू नका, कविता बघा? कवीचं वागणं चळवळीला टोचलं की ते सार्वजनिक, बायकोला टोचलं की खाजगी. एवढीच वाटणी आपण करून ठेवली आहे. तुमच्या मुलीला ती दिसली.

ही खोड फक्त तुमच्या घरातली आहे असं मात्र समजू नका. आमच्या घरात पुलंच्या कॅसेट लागायच्या. रविवार सकाळ म्हणजे पुलं. १९९० मध्ये सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं, तेव्हा आमच्या वडिलांना ते वर्तमानपत्रातल्या परीक्षणावरूनच झोंबलं. "एवढं मोठं नाव, आणि ही बाई काय लिहिते!" त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, तुमच्यासारखंच. आईने वाचनालयातून आणलं आणि मुदतीत परत केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने दंड भरला. काय वाटलं, असं मी विचारल्यावर म्हणाली, "पुलं आवडतातच गं. पण आता हसताना आतून चहा कोण आणून देतंय तेही दिसतं."

दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नका बरं. सुनीताबाई लिहितात ती एका लाडक्या माणसाची बेफिकिरी आहे. मल्लिकाताई लिहितात तो मार आहे. पण आमच्या घरातली आणि तुमच्या घरातली पहिली प्रतिक्रिया सारखीच निघाली, हे मला महत्त्वाचं वाटतं. लिहिणारीचा राग आधी, वाचणं नंतर. वाचलंच तर.

कला आणि कलावंत वेगळे करायचे की नाही, यावर साहेबी वर्तमानपत्रांतून गेली काही वर्षं रकानेच्या रकाने लिहून येतात. आपल्याकडे हे काम बायकांनी केव्हाच करून ठेवलंय. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ चा. रेव्हरंड टिळक म्हणजे फुलामुलांचे कवी. आणि लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातले टिळक तापट, हातात पैसा न टिकणारे, घरी न सांगता निघून जाणारे. बाई सगळं सांगतात, हसत सांगतात, आणि पुस्तक संपतं तेव्हा टिळक आपल्याला जास्तच जवळचे वाटतात. सुनीताबाईंचं वाचून पुलं थोडे लहान होतात, थोडे खरे होतात. मल्लिकाताईंचं वाचून असं काही गोड होत नाही. तिथे घशात अडकतं. कवी एक, घर एक, असा हिशोब प्रत्येक पुस्तकात वेगळा निघतो. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर माझ्याकडे नाही. मला खटकतं ते एवढंच, की 'कलावंत आणि कला' म्हणताना आपण दोघांचीच नावं घेतो. त्या घरात राहणारं तिसरं माणूस वगळून टाकतो. मराठीत त्या तिसऱ्या माणसाने लिहून ठेवलंय, आणि चांगलं लिहून ठेवलंय. ते कवीविरुद्धचा पुरावा म्हणून वाचायचं नाही, पुस्तक म्हणून वाचायचं. (आवलीला लिहिता आलं असतं तर तुकोबांच्या घरातलं काय काय कळलं असतं, हा विचार माझ्या डोक्यात नेहमी येतो. तिच्या वाट्याला कीर्तनातला कजाग बायकोचा विनोद आला.)

जाता जाता एका शब्दाबद्दल. 'कलावंत' म्हटलं की आपण लगेच सैल होतो. कलावंत आहे, चालायचंच, जरा लहरी असतात. याच शब्दाचं स्त्रीलिंग करून बघा. 'कलावंतीण'. आवाज एकदम बदलतो ना? गोव्यात कलावंत घराण्यांतल्या गायिकांनी हिंदुस्थानी संगीत खांद्यावर पेललं. केसरबाई केरकर त्यांतल्याच. त्यांच्या आवाजातली भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. आणि इथे जमिनीवर त्या बायकांची कला त्यांच्या जन्मापासून, त्यांच्या 'चालीरीती'पासून वेगळी काढायला समाज पिढ्यानपिढ्या तयार नव्हता. ज्यांनी काही गुन्हा केला नाही त्यांच्या बाबतीत वेगळं करता येईना, आणि पुरुषांनी हात उचलला की मात्र ताबडतोब वेगळं करता येतं. 'कला वेगळी, माणूस वेगळा' हे वाक्य कानावर आलं की ते कुणासाठी काढलंय ते मी आधी बघते.

आता तुमच्या भीतीबद्दल. तुम्ही ती लिहिली नाहीत, पण पत्रात ती आहे असं मला वाटतं. मल्लिकाताईंचं पुस्तक हातात घेऊन "बघा, हे यांचे कवी" म्हणणारे लोक आहेत. मी स्वतः ऐकलेत, चांगल्या दिवाणखान्यात, चांगल्या कपांतून चहा पिताना. पुलंना 'कलावंताचा स्वभाव' म्हणून सूट देणारी मंडळीच ढसाळांच्या बाबतीत एकदम स्त्रीवादी होतात. ही सूट जात बघून वाटली जाते, यात मला शंका नाही. तेव्हा तुमच्या मनात येत असेल, की आपल्या माणसाचं आपणच कशाला उघड्यावर आणायचं, बाहेरचे टपलेलेच आहेत.

पण दादा, याचं उत्तर माझ्यासारखीने देण्याआधी तुमच्या घरातल्यांनीच देऊन ठेवलंय. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं तेव्हा महारवाड्यातल्या बायकांना घरातल्यांकडून काय सोसावं लागे तेही लिहिलं. आणि ते लिखाण त्यांनी कितीतरी वर्षं घरातल्यांपासून लपवून ठेवलं होतं. बाहेरचे टपलेले असताना लिहिलं. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेली बाई होती ती, शत्रूच्या हातात कोलीत देतोय हे तिला कळत नव्हतं असं थोडंच? आणि बाबासाहेब स्वतः जुलै १९४२ मध्ये नागपूरला, हजारो बायकांसमोर काय बोलले ते तुम्हाला मी सांगायला नको. समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत होते. लग्न झालेलीने नवऱ्याची मैत्रीण व्हावं, बरोबरीने उभं राहावं, दासी व्हायला नकार द्यावा, हे त्यांनी त्या सभेत सांगितलं. तुमची मुलगी ज्या दिवशी कविता म्हणायला नको म्हणते आहे, तो दिवस त्यांचा आहे. तिचा नकार त्या दिवसाला सोडून नाही.

मग कविता खोटी ठरली का? इथे मी मुलीच्याही थोडं पलीकडे जाते. 'गोलपिठा'त मंदाकिनी पाटीलवरची कविता आहे. एका कोवळ्या वयाच्या वेश्येवर. ती कविता मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले. अशी कविता लिहिणारा माणूस घरी येऊन बायकोवर हात कसा टाकतो? मला माहीत नाही. "म्हणजे ती करुणा ढोंग होती" असं उत्तर सोपं आहे, आणि मला ते चुकीचं वाटतं. ढोंगातून अशी ओळ येत नाही. कवितेला जे कळलेलं होतं ते कवीच्या हातापर्यंत पोचलं नाही, असं म्हणू. ते कळलेलं कवितेत अजून आहे आणि ते वाचणाऱ्याच्या कामाचं आहे. मंदाकिनी पाटीलला ती कविता हवी आहे. कवीच्या वागण्यापायी तिची तेवढी जागाही काढून घ्यायची का?

जगात इतरत्र काय झालं ते एका उदाहरणाने सांगते, कारण ते तुम्हाला परकं वाटणार नाही. चिलीचे पाब्लो नेरूदा, नोबेल मिळालेले, कष्टकऱ्यांचे कवी म्हणून जगभर नाव. ढसाळांचंही नाव त्यांच्याबरोबर घेणारे लोक आहेत. तरुणपणी, १९२९ च्या सुमारास, ते सिलोनमध्ये वकिलातीत होते. त्यांच्या बंगल्यात रोज सकाळी संडासाची बादली उचलायला एक तमिळ बाई यायची, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीची. एके दिवशी त्यांनी तिचा हात धरला आणि तिच्यावर जबरदस्ती केली. हे कुणी केलेले आरोप नव्हेत. त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहिलंय, मृत्यूनंतर १९७४ मध्ये त्या छापल्या गेल्या. चाळीसेक वर्षं लोकांनी तो मजकूर वाचला आणि पान उलटलं. २०१८ मध्ये सांतियागोच्या विमानतळाला नेरूदांचं नाव देण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तिथल्या बायका उठल्या. नाव बदललं गेलं नाही. त्यांच्या कविता तिथे आजही शिकवल्या जातात, पाठ केल्या जातात.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त छळते. त्या बाईला नाव नाही. ती कुठली, पुढे तिचं काय झालं, तिला काय वाटलं, काही नाही. बादली आणि नेरूदांनी केलेलं तिच्या देहाचं वर्णन, एवढीच ती उरली. तिने पुस्तक लिहिलं असतं तर? मल्लिकाताईंनी लिहिलं. त्यांना नाव आहे, बापाचं मोठं नाव आहे, भाषा आहे, म्हणून ते लिहिलं गेलं. हे पुस्तकही बरीच वर्षं बाजारात सहज मिळत नव्हतं. २०१६ मध्ये जेरी पिंटोंनी इंग्रजीत आणलं तेव्हा पुन्हा चर्चा झाली. आपल्या मराठीतलं पुस्तक इंग्रजीतून आपल्याकडे परत आलं, यात आपली शोभा नाही.

चिलीतल्या बायकांचं मला हे पटलं, की त्यांनी वाचणं वेगळं काढलं आणि मान देणं वेगळं काढलं. वाचायचं ते एकट्याने, आपल्या जबाबदारीवर. विमानतळाला नाव द्यायचं ते सगळ्यांच्या वतीने. तुमच्या वसाहतीच्या कार्यक्रमाचंही तसंच आहे. घरात 'गोलपिठा' उघडणं ही एक गोष्ट. स्टेजवर, माइकसमोर, नव्या साडीत, टाळ्या घेत म्हणणं ही दुसरी. तिथे कवितेबरोबर कवीलाही हार पडतो, कुणी म्हणो न म्हणो. मुलीने तुम्हाला पुस्तक जाळा म्हटलेलं नाही. तिने कविता कुणाला म्हणू नका असंही म्हटलेलं नाही. 'माझ्या तोंडून' एवढंच म्हटलंय. तोंड तिचं आहे.

आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांची गोष्ट आहे. इस्रायलचा मोठा वाद्यवृंद त्यांच्या हाताखाली होता. १९३८ पासून हा वाद्यवृंद वागनर वाजवत नव्हता. वागनर हा थोर संगीतकार, आणि ज्यूंविरुद्ध त्याने विषारी लिहिलेलं, वर नाझींचा लाडका. १९८१ मध्ये तेल अवीवमध्ये मेहतांनी कार्यक्रमाच्या शेवटी वागनरचा एक तुकडा घेतला. आधी सांगितलं, ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी खुशाल जावं. तर सभागृहातच काम करणारा, नाझींच्या तडाख्यातून वाचलेला एक माणूस स्टेजजवळ गेला आणि शर्ट वर करून त्याने आपल्या अंगावरचे वण दाखवले. त्यानंतर 'संगीत वेगळं, माणूस वेगळा' हे वाक्य चुकीचं ठरत नाही. पण त्या माणसासमोर ते म्हणायचं कुणी? मेहतांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. वागनर मलाही आवडतो. ज्याला उठून जायचंय त्याला जाऊ द्यायचं, आणि जाताना त्याला अडाणी म्हणायचं नाही, एवढं तरी घरात जमायला हरकत नाही.

तिसरा प्रश्न चटकन संपवते. 'गोलपिठा' कपाटातून काढू नका. ती प्रत तुमच्या वडिलांची आहे, दोऱ्याने शिवलेली आहे, ती ढसाळांची कमी आणि त्यांची जास्त आहे. शेजारी मल्लिकाताईंचं ठेवा. नवीन प्रत घेताना पैसे कुणाला जातात ही शंका मला आणखी काही वाचक विचारतात, म्हणून सांगते. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. ढसाळ १५ जानेवारी २०१४ ला गेले, म्हणजे २०७४ संपेपर्यंत. गेलेल्या कवीचं पुस्तक घेतल्याने त्याच्या खिशात काही पडत नाही.

जिवंत माणसाचं गणित वेगळं. गाणं शिकवणारा गुरू, नाटकमंडळी चालवणारा दिग्दर्शक, ज्याच्या हाताखाली आज मुली आहेत, त्याच्या बाबतीत 'कला बघा' म्हणणं म्हणजे उद्याच्या मुलीला त्याच्या खोलीत पाठवणं. तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तक्रार लिहायची. त्यावर वेगळं पत्र आलंय, त्याला पुढच्या वेळी उत्तर देईन.

मुलीला कसं समजावू, असं विचारलंत. समजावू नका. आवाज चढवला त्याबद्दल मात्र तिच्याशी बोला. नटाचा मुद्दा तिचा बरोबर होता, हेही सांगून टाका. बापाने असं कबूल केलेलं मुली फार वर्षं लक्षात ठेवतात, चांगल्या अर्थाने. १४ एप्रिलला अजून दिवस आहेत. ती स्टेजवर काय म्हणेल, काही म्हणेल की नाही, ते तिला ठरवू द्या. वसाहतीतले विचारतील, तेव्हा "तिला नाही म्हणायची, यंदा दुसऱ्याला घ्या" एवढं तुम्ही सांगा, कारणं तिला द्यायला लावू नका. उद्या चार-पाच वर्षांनी तिला परत ती कविता म्हणाविशी वाटेल, तेव्हा 'तेव्हा तर नाही म्हणाली होतीस' असं काढू नका.

आणि एक टाळा. पुस्तक वाचल्यावर तुम्हाला कळेल, किंवा कुणी सांगेल, की मल्लिकाताईंनी एवढं सगळं लिहूनही संसार मोडला नाही, ढसाळांच्या शेवटच्या आजारपणात त्या सोबत होत्या. ते मुलीपुढे 'बघ, तिनेच माफ केलं' म्हणून टाकू नका. त्यांनी केलं ते त्यांचं. त्यावरून आपल्याला सूट मिळत नाही.

आता भाकरी. पत्रात तुम्ही मुलीबद्दल लिहिलंत, वडिलांबद्दल लिहिलंत, ढसाळांबद्दल लिहिलंत. वहिनींबद्दल तेवढी एक ओळ, आणि मला सगळं पत्र त्या ओळीत दिसलं. त्यांनी काहीतरी मत दिलंय. तुम्ही विचारलंत का, काय ते? कदाचित मुलीने पुस्तकातलं एखादं पान त्यांना वाचून दाखवलंय. कदाचित त्यांना आपल्या आईची, मावशीची, चाळीतल्या कुणाची आठवण झाली असेल. कदाचित त्यांना फक्त एवढंच वाटलं असेल, की पोरगी रागाने उपाशी उठेल. मला इथे बसून कळणार नाही. विचारा. आणि विचारल्यावर मध्ये बोलू नका.

पण त्याआधी पुस्तक वाचा. दोनशे पानांच्या आसपासचं आहे, कल्याण ते सीएसएमटी चार-पाच दिवस जाता-येता होऊन जाईल. मुलीकडूनच मागून घ्या. लायब्ररीचं आहे ना, मागच्या पानावर परतीची तारीख बघून घ्या. उलटली असेल तर दंड तुम्ही भरा.

— ताई